दीड सेकंद थांबणारं घड्याळ

स्टेशनवरचं घड्याळ कोणासाठी असतं असं विचारलं तर आपण पटकन म्हणतो प्रवाशांसाठी, पण प्रवासी दोन प्रकारचे असतात. एक वीस मिनिटं आधी येऊन बाकड्यावर बसलेला, त्याला घड्याळ असलं काय नसलं काय. आणि दुसरा, जो ब्रिजवरून दोन-दोन पायऱ्या सोडत खाली येतोय, एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला पोर, आणि त्या क्षणी त्याच्यापुढे एकच प्रश्न आहे, पळू की नको? स्टेशनचं घड्याळ या दुसऱ्यासाठी बनवायचं असतं. पहिल्याला काहीही दिलं तरी चालतं.

मी मूळची डोंबिवलीची. नोकरीमुळे आता स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरला राहते आणि तिथून झुरिकला ट्रेनने जाते-येते. काम मशीनच्या पार्ट्सची ड्रॉइंग काढायचं, त्यामुळे कुठलीही वस्तू आवडली की आधी तिची मापं शोधायची ही सवयच लागलीय. आणि इकडे आल्यापासून मला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू म्हणजे इथलं रेल्वे स्टेशनचं घड्याळ. झुरिकच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये तेच, आणि डोंगरातल्या कुठल्यातरी एका प्लॅटफॉर्मच्या हॉल्टवर, जिथे उतरणारी आपण एकटीच असतो, तिथेही तेच. तोच चेहरा, तेच काटे. बर्फ, आल्प्स, चॉकलेट वगैरेचे फोटो सगळ्यांनी टाकून झालेत म्हणून यावर लिहितेय असं नाही, हे खरंच लिहावं असं आहे.

हे डिझाइन हान्स हिल्फिकर नावाच्या माणसाने १९४४ मध्ये केलं. जन्म १९०१, शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग, तरुणपणी अर्जेंटिनात टेलिफोनच्या लाइनी टाकण्याचं काम केलेलं, आणि १९३२ पासून स्विस रेल्वेत, म्हणजे एसबीबीत नोकरी. म्हणजे हा माणूस आर्टिस्ट म्हणून आलेलाच नाही, तारा, करंट, सिग्नल यातला माणूस. घड्याळ प्रत्यक्षात बनवलं मोझर-बेअर या कंपनीने, जी एमेंटाल भागातल्या सुमिसवाल्ड गावातली.

आधी नुसती तबकडी बघा. पांढरी, त्यावर काळ्या रेघा, आणि आकडा एकही नाही. ना रोमन, ना साधा. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं की सार्वजनिक घड्याळ आणि आकडे नाहीत, पण जरा विचार करा, घड्याळ बघताना आपण आकडे वाचतो का? काटा कुठे आहे ते बघतो. लांबून ६, ८, ९ सगळे एकाच काळ्या डागासारखे दिसतात, त्यांचा उपयोग शून्य आणि जागा मात्र खातात. ती जागा हिल्फिकरने रेघांना दिली.

मापं सांगते, कारण खरी मजा मापांत आहे. तबकडीचा व्यास १०० धरला तर तासाची रेघ १२ लांब आणि ३.५ रुंद. मिनिटाची रेघ ३.५ लांब आणि १.४ रुंद. म्हणजे तासाच्या रेघेची जेवढी रुंदी, तेवढीच मिनिटाच्या रेघेची लांबी. हे डोळ्याला मोजून कळत नाही पण त्यामुळे दोन्ही रेघा एकाच घरातल्या वाटतात. तासकाटा मधल्या खिळ्यापासून ३२, मिनिटकाटा ४६, आणि दोघांची मागची शेपटी सारखीच, १२. आता याचा परिणाम असा की तासकाट्याचं टोक रेघांच्या थोडं अलीकडेच थांबतं, त्यांना शिवत नाही, आणि मिनिटकाटा सरळ रेघांच्या पट्ट्यात घुसतो. तास अंदाजाने कळला तरी पुरतो, सकाळचे सात आहेत की आठ हे आपल्याला माहीतच असतं, पण मिनिट मात्र नेमकं रेघेवर बोट ठेवल्यासारखं दिसायला हवं, आणि ते तसंच दिसतं. काटे टोकाकडे बारीक होत जातात पण सुईसारखे टोकदार होत नाहीत, टोक सरळ कापलेलं. टोकदार काटा कागदावर छान दिसतो, पन्नास मीटरवरून त्याचं टोक गायब होतं आणि काटा आखूड वाटायला लागतो.

मी हे सगळं ए थ्री कागदावर काढून बघितलं, आणि मग मुद्दाम एकेक गोष्ट बदलून बघितली, मिनिटाच्या रेघा थोड्या लांब कर, काटा थोडा बारीक कर, बारावर मोठी खूण दे. प्रत्येक वेळी ते लगेच कुठलंतरी घड्याळ झालं. कशाला हातच लावता येत नाही अशी ड्रॉइंग माझ्या कामात फार क्वचित बघायला मिळते.

आता सेकंदकाटा. १९४४ च्या घड्याळात तो नव्हताच. तास आणि मिनिट एवढंच, आणि मिनिटकाटा हळूहळू सरकत नाही, तो दर मिनिटाला एकदम उडी मारतो. हे मुद्दाम आहे, कारण ट्रेन टाइमटेबलमध्ये पूर्ण मिनिटाला सुटते, साडेसतरा मिनिटांनी सुटत नाही. काटा एकतर १७ वर आहे किंवा १८ वर, मध्ये कुठेतरी आहे असा गोंधळच नाही. पण त्यातून दुसरा प्रश्न आला. काटा १६ वर उभा आहे, गाडी १७ ची आहे, मग उडी मारायला पन्नास सेकंद आहेत की दोन? पळणाऱ्याला तर हेच हवंय, आणि गाडी सोडणाऱ्यालाही. म्हणून १९५३ मध्ये हिल्फिकरने लाल सेकंदकाटा बसवला, टोकाला गोल लाल चकती. ही चकती स्टेशनमास्तर गाडी सोडताना जी दांडीवरची गोल पाटी दाखवायचा, तिच्यावरून घेतलेली. चकतीचा व्यास १०.५, म्हणजे तबकडीच्या साधारण दहाव्या भागाएवढा, आणि तिचं केंद्र खिळ्यापासून ३१.२ वर, म्हणजे जवळजवळ तासकाट्याच्या टोकाच्या वर्तुळावरच. रेघांच्या पट्ट्यात ती कधीच शिरत नाही, त्यामुळे मिनिट वाचताना कधीच आड येत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेख. हा लाल काटा साठ सेकंदांत फेरी पूर्ण करत नाही, साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत करतो, मग वर बाराला येऊन थांबतो. दीड सेकंद नुसता उभा. मग मिनिटकाटा टक्कन पुढे जातो, किंचित थरथरतो, आणि लाल चकती पुन्हा निघते.

आई मागच्या उन्हाळ्यात आली होती. तिने आयुष्यभर डोंबिवली ते व्हीटी केलंय, गाडीची वेळ तिच्या अंगात आहे, घड्याळ न बघता ती आजही सांगते की आता आठ सतरा झाले असतील. तिला घेऊन झुरिकला उभी होते, गाडीला वेळ होता, ती घड्याळाकडे बघत होती आणि मधेच म्हणाली, "अगं, ते बघ, बंद पडलं." मी म्हटलं, "आई, थांब जरा." तोवर काटा निघालाही. तिने पुढची दोन-तीन मिनिटं फक्त तेच बघितलं, आणि मग म्हणाली, "हे दर वेळी कोणाची तरी वाट बघतंय."

आईने जे सांगितलं ना, तांत्रिकदृष्ट्या अगदी तेच घडतंय. स्टेशनवरची घड्याळं स्वतः वेळ मोजत नाहीत. एक मुख्य घड्याळ असतं, ते दर मिनिटाला तारेवरून एक झटका पाठवतं, विजेचा, आणि त्या झटक्यावर सगळ्या घड्याळांचे मिनिटकाटे एकत्र उडी मारतात. ही पद्धत हिल्फिकरच्या आधीची, जुनीच. पण मिनिटाला एक झटका म्हणजे सेकंदाची माहिती तारेत नाहीच. मग सेकंदकाटा चालवायचा कशावर? त्याला साध्या लाइटच्या करंटवर चालणारी छोटी मोटर लावली. ही मोटर करंटच्या फ्रिक्वेन्सीवर पळते आणि ती फ्रिक्वेन्सी थोडी कमी-जास्त होत राहते, म्हणजे काटा कधी मिनिटाच्या आधी पोचणार, कधी नंतर, आणि दिवसभरात हा फरक साठत जाणार, संध्याकाळी लाल काटा चाळीसवर असताना मिनिटकाटा उडी मारणार. यावर उपाय असा की मोटर मुद्दाम थोडी फास्ट ठेवायची, म्हणजे काटा नक्की आधीच पोचेल, वर आला की अडवायचा, आणि मुख्य घड्याळाचा झटका आला की दोघांना एकदम सोडायचं. दर मिनिटाला सगळी चूक शून्य. ढोलपथकात ताशाचा इशारा आल्याशिवाय ढोल पडत नाही, कितीही हात शिवशिवत असले तरी, तसं.

मला यात सगळ्यात भावतं ते असं की फेरी चालू असताना सेकंद जरा पुढेच दाखवला जातो. अर्ध्या मिनिटाला काटा जवळपास एक सेकंद पुढे असतो. घड्याळांच्या देशात, जिथे सेकंदाच्या अंशासाठी लोक आयुष्य घालवतात, तिथे रेल्वेने सगळ्या देशासमोर असं घड्याळ टांगलं ज्याचा सेकंद बरोबर नाही पण मिनिट पक्का आहे. कारण गाडीला सेकंद लागतच नाही, सगळ्यांचं मिनिट एक लागतं. ड्रायव्हरचं, गार्डचं, पळणाऱ्या बाईचं. त्यात सेकंद पुढे दाखवला म्हणून नुकसान कोणाचं? पळणारा फार तर थोडा आधी पोचेल. आणि वरचा तो थांबा, हिल्फिकरचं स्वतःचं म्हणणं असं की त्याने शेवटच्या क्षणी शांतता येते आणि गाडी वेळेवर सोडणं सोपं जातं. हे मी रोज बघते, दारात उभी असलेली माणसंही त्या दीड सेकंदात वर बघतात. एका मोटरची अडचण होती, तिच्यातून लोकांना श्वास घ्यायला जागा मिळाली. अडचण लपवून पण ठेवता आली असती.

सगळ्यांचं मिनिट एक असणं हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की ते कधीतरी ठरवावं लागलं होतं हे विसरायला होतं. इथे जिनिव्हात एका जुन्या बुरुजावर तीन घड्याळं होती, एक जिनिव्हाची वेळ, एक पॅरिसची, एक बर्नची. टेलिग्राफ आणि रेल्वेने बर्नची वेळ देशभर नेली, आणि १ जून १८९४ ला सगळ्या देशाने मध्य युरोपची वेळ घेतली. आपल्याकडे तर याहून मोठं महाभारत झालं. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबई मुंबईच्या वेळेवर, दोघांत तीस मिनिटांचं अंतर. १९०५-०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे, आणि मुंबईने ती मानायला साफ नकार दिला. गिरणी कामगारांना वाटलं की यात आपल्याला अर्धा-पाऊण तास लवकर कामावर ओढतायत, संप झाला, दगडफेक झाली, आणि महापालिकेने परत मुंबईचीच वेळ धरली ती पुढे चाळीसहून जास्त वर्षं, स्वातंत्र्य मिळून गेल्यावरसुद्धा. म्हणजे आमच्या पणजोबांच्या पिढीतल्या चाकरमान्याला घरातून निघायची वेळ एक आणि गाडीची वेळ दुसरी, रोज डोक्यात ३९ मिनिटांचा हिशोब. मला त्या कामगारांचा राग येत नाही, उलट त्यांचं पटतं. कोणाची वेळ लावायची हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो खराच होता. पण म्हणूनच घड्याळ टांगणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते, लोकांनी आपली वेळ सोडून तुझी घेतलीय, तर ती निदान सगळ्यांना सारखी आणि स्पष्ट दिसेल एवढं तरी कर.

स्विस लोकांनी हे मिनिट पुढे कुठपर्यंत नेलं बघा. १९८२ मध्ये त्यांनी देशभर ठरावीक ठेक्याचं टाइमटेबल आणलं, म्हणजे गाडी दर तासाला त्याच मिनिटाला. मग १९८७ ला लोकांचं मत घेऊन बान २००० नावाची योजना मंजूर झाली, ती डिसेंबर २००४ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. कल्पना अशी की झुरिक, बर्न, बाझल अशा एका मोठ्या जंक्शनातून दुसऱ्या जंक्शनाला जायला गाडीला तासापेक्षा थोडा कमी वेळ लागला पाहिजे, म्हणजे सगळ्या गाड्या तासाच्या जरा आधी जंक्शनात शिरतील, लोक उतरून एकमेकांच्या गाडीत बसतील, आणि तास उलटला की सगळ्या बाहेर पडतील. झुरिक-बर्नचा वेळ तासाच्या आत आणायला त्यांनी नवी लाइन बांधली, ५६ मिनिटांवर आणला, आणि तिथेच थांबले, कारण याहून फास्ट जाऊन जंक्शनात नुसतं उभंच राहायचं होतं. गाडी शक्य तितकी फास्ट असावी असा हट्ट नाही, हवी तेवढी फास्ट. थोडं लवकर पोचायचं, सगळ्यांसाठी थांबायचं, मग एकत्र निघायचं. हे कोणी घड्याळावरून शिकलं असं मी म्हणत नाही, पण लाल काटा जे दर मिनिटाला करतो तेच अख्खी रेल्वे दर तासाला करते, हे लक्षात आलं तेव्हा मी गाडीत बसल्या बसल्या शेजारच्या अनोळखी आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "हो मग, नाहीतर कनेक्शन कशी मिळणार?"

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९८६ पासून मोंडेन कंपनी याच चेहऱ्याचं मनगटी घड्याळ विकते. २०१२ मध्ये ॲपलने आयपॅडच्या घड्याळात हा चेहरा न विचारता वापरला, एसबीबीने हरकत घेतली, मग लायसन्सचा करार झाला. मनगटी घड्याळ सुंदर आहे, माझ्याकडे नाही आणि घ्यावंसं वाटलंही नाही, कारण त्याचा सेकंदकाटा वर थांबला तरी त्याला झटका पाठवणारं कोणी नसतं. हे घड्याळ एकट्याचं नव्हेच.

हिल्फिकरचं अजून एक काम माझ्या अगदी जवळ आहे, विंटरथुर ग्र्यूत्से स्टेशनवरचं प्लॅटफॉर्मचं छप्पर, १९५५ चं. आणि नंतर त्यांनी थेर्मा या किचनची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत जाऊन किचनची मापं ठरवली, स्विस किचनमध्ये ओटा, ओव्हन, कपाट सगळं ५५ सेंटीमीटर रुंदीच्या हिशोबात बसतं, बाकी युरोपात ६० असलं तरी. म्हणजे मी घरी ज्या ओट्यावर पोहे करते आणि स्टेशनवर जे घड्याळ बघून पळते, दोन्हीत एकाच माणसाचा हिशोब आहे.

आता मुंबई. आपल्याकडे स्टेशनवर लाल डिजिटल आकड्यांची घड्याळं आहेत, जीपीएसवर चालणारी, सेकंदासकट, अचूकतेत काही म्हणजे काही कमी नाही. सीएसएमटीच्या दर्शनी भागावरचं मोठं घड्याळ देखणं आहे, पण ते इमारतीचं भूषण आहे, रस्त्यावरून मान वर करून बघायचं. माझं म्हणणं पळणाऱ्या माणसाबद्दल आहे. ०८:१४:३८ असं दिसलं आणि गाडी ८.१७ ची, तर डोक्यात वजाबाकी करावी लागते, दोन मिनिटं बावीस सेकंद. घाम पुसत, धक्के खात ती वजाबाकी होत नाही. काट्याच्या घड्याळात ती करावीच लागत नाही, काटा आणि रेघ यांच्यात किती फट उरलीय ते डोळ्याला दिसतं. आणि मुंबईकर तर गाडीला नावाने नाही, मिनिटानेच ओळखतो, आठ सतरा, नऊ तीन, सहा बावन्न. मिनिटावर इतकं प्रेम असलेल्या शहराला मिनिट दिसणारं घड्याळ हवं.

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी एक ड्रॉइंग करतेय. स्विस घड्याळाची कॉपी करायची नाही, ते इथलं आहे. जागा आधी ठरवली, प्लॅटफॉर्मच्या मधोमध नको, ब्रिजच्या जिन्याच्या तोंडाशी हवं, कारण पळायचं की नाही हे तिथेच ठरतं, खाली उतरल्यावर बघून उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी तबकडी. आकडे नाहीत, पण पाच-पाच मिनिटांच्या रेघा स्विसपेक्षा जाड, कारण पावसाळ्यात काच ओली असते आणि धूळ बसते ती वेगळीच. सेकंदकाटा लाल घ्यायचा नाही हे सुरुवातीलाच ठरवलं, आपल्याकडे लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे निघा, तर चकती हिरवी. जीपीएस असल्यामुळे हा काटा साठ सेकंदांत बरोबर फिरवता येईल, थांबायची गरज उरत नाही, आणि तरीही मी थांबा ठेवलाय, दीडच सेकंद.

हिरव्यावर मात्र गाडी अडलीय. गडद घेतला तर लांबून काळाच वाटतो, पोपटी घेतला तर भर दुपारी पांढऱ्यात विरून जातो, आणि रात्री ट्यूबच्या उजेडात दोन्ही वेगळेच दिसतात. विंटरथुरच्या उन्हात तपासून डोंबिवलीचं ऊन कळत नाही. तर तिकडे रोज प्रवास करणाऱ्यांनी एक काम करा, तुमच्या स्टेशनच्या ब्रिजवरून उतरताना कितव्या पायरीवर घड्याळ पहिल्यांदा दिसतं, आणि दुपारी किती वाजता त्यावर ऊन येतं, तेवढं मला कळवा, स्टेशन आणि प्लॅटफॉर्म नंबर लिहून.